मिरवणूक थांबते, बेंजो थांबत नाही

व्हिडिओ गेमसाठी हौसेनं संगीत करू पाहणाऱ्या मुलामुलींशी आज मला बोलायचं आहे. आईवडिलांनीही जरा कान द्यावा. "सारखा त्या गेममध्ये डोकं घालून बसतो" अशी ज्याच्याबद्दल तक्रार असते, तो पोरगा कदाचित चाल बांधत बसलेला असतो.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. जांबोरी मैदानाकडून विसर्जनाची मिरवणूक निघाली की आम्ही पोरं बेंजो मास्तरांच्या मागे. बेंजो म्हणजे आपलं बुलबुलतरंग. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी 1912 साली तैशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, त्याचंच हे आपल्याकडे रुळलेलं रूप. जपानचं वाद्य गिरणगावात येऊन पक्कं मुंबईकर झालं.

आता मास्तरांची खरी कसोटी बघा. मिरवणूक नाक्यावर किती वेळ अडणार, हे त्यांना ठाऊक नसतं. पुढे दुसऱ्या मंडळाची गाडी अडकली असेल तर वीस मिनिटं, नाहीतर एकच मिनिट. तोवर ते मुखडा घोळवत राहतात, पण ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ देत नाहीत. पोरं नाचायला लागली की ताशेवाल्याला मानेनं खूण. पोरं दमली की ताशा गप्प, नुसती ढोलकी. चाल तीच, अंगावरचे कपडे बदलले. शिटी वाजली, गाडी हलली, तरी मास्तर चाल मध्येच तोडत नाहीत. आवर्तन पुरं करतात, समेवर येतात आणि मगच अंतऱ्याला हात घालतात.

मुलांनो, गेमचं संगीत म्हणजे हेच. खेळणारा म्हणजे तुमची मिरवणूक. तो दारापाशी उभा राहून विचार करेल, चहा पिऊन येईल, एकाच राक्षसाकडून दहा वेळा मार खाईल. तुमची चाल तोवर फिरत राहिली पाहिजे, आणि ती कुठे संपून कुठे सुरू झाली हे त्याला कळता कामा नये. सांधा ऐकू येता कामा नये. हे वाक्य मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

1978 सालचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आठवा. पार्श्वभूमीला खाली उतरणारे चार स्वर, बस्स. पण शत्रू जवळ येतील तसे ते जलद होत जायचे आणि खेळणाऱ्याची छाती धडधडायची. पुढे 1991 मध्ये 'मंकी आयलंड 2'साठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी यंत्रणा बसवली की खेळणारा एका जागेतून दुसरीकडे गेला तरी संगीत योग्य मात्रेची वाट बघून मगच वळायचं. नाक्यावरचे आमचे मास्तर समेची वाट बघत, तसंच.

माझ्याकडे शेजारचा एक बारावीतला मुलगा येतो. त्यानं मला साडेतीन मिनिटांचं गाणं ऐकवलं. आधी आलाप, मग ठेका, शेवटी मोठी तिहाई. चाल गोड होती. मी म्हटलं, बाळा, हे गाणं झालं. गेममध्ये तुझी तिहाई वाजेल तेव्हा खेळणारा विहिरीत पडलेला असेल! मग आम्ही लहान चाल घेतली. मिनिटाला 120 मात्रांची लय, चार-चार मात्रांचे 16 खंड, म्हणजे नेमके 32 सेकंद. दहा मिनिटांत ती जवळजवळ 19 वेळा वाजते. हेडफोन लावून ऐकलं, तर दर फेरीला 'टक्'. झांजेची आस फाइलच्या शेवटाला कापली जात होती. त्यावर उपाय सोपा आहे. चाल सलग दोनदा वाजवून रेकॉर्ड करायची आणि दुसरी फेरीच कापून ठेवायची. पहिल्या फेरीतली झांज दुसरीच्या सुरुवातीला विरताना आपोआप येते. आणि फाइल एमपीथ्रीत काढू नका, तिच्या डोक्याला आणि शेपटीला शांततेचा बारीक तुकडा चिकटतो. ऑग किंवा वेव्ह घ्या. सांधा ऐकू येता कामा नये, तो असा.

महागडा कीबोर्ड मिळेपर्यंत थांबतो, असं म्हणणाऱ्यांवर मी रागावतो. एलएमएमएस हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरच्या कॉम्प्युटरवर चालतं. 2016 चा 'स्टार्ड्यू व्हॅली' एरिक बॅरोननं एकट्यानं केला, चित्रं, प्रोग्रॅम, संगीत, सगळं. तुम्हाला तर फक्त चाल करायची आहे. मात्र एकट्यानं फाइली साठवत बसू नका. आपल्या कॉलेजात गेम बनवणारा कुणीतरी असतोच, आणि त्याला संगीतकार मिळत नसतो. त्याला गाठा. 2009 पासून दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम भरतो. अनोळखी मुलं एकत्र बसून थोडक्या वेळात छोटा गेम उभा करतात. तिथं जा. पहिला गेम साधा असेल, पण तुमची चाल खेळणाऱ्याच्या हाताखाली कशी वागते, हे तिथंच कळतं.

आणि सिनेमाची चाल उचलू नका. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. आपल्याकडे राग आहेत, ठेके आहेत, कोळीवाड्यातली लय आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' हा आपल्या पुराणकथांवरचा गेम आणला, जगभर खेळला गेला. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकारानं केलं, आपली वाद्यं घेऊन, मनापासून केलं. एक ग्रीक माणूस आपल्या सुरांपाशी एवढा वेळ बसला. मग ज्याच्या कानात लहानपणापासून ढोलकी आहे, त्यानं का बसू नये?

मोबदला आणि करार यांवरही बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे गेलंय. एवढंच सांगतो, मित्राचा गेम असला तरी संगीत कुणाचं, हे आधीच कागदावर लिहा. बाकी पुन्हा कधी.

आज रात्री एक काम करा. 32 सेकंदांची चाल बांधा, ती घरात दहा मिनिटं फिरत ठेवा आणि आपला अभ्यास करा. आई भाजी निवडत असेल, बाबा पेपर वाचत असतील. त्यांच्यापैकी कुणी "बंद कर रे ते" म्हणालं, तर सांधा ऐकू आला असं समजा आणि पुन्हा बसा. कुणी काहीच म्हणालं नाही आणि आई नकळत गुणगुणायला लागली, तर चाल जमली. मग ती घेऊन उद्या त्या गेमवाल्या मित्राचं दार वाजवा.