नाटेकरांचं मनगट

बॅडमिंटनच्या फुलाला सोळा पिसं असतात आणि त्याचं वजन सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आसपास. आपल्या खानदेशात जे वारं केळीची पानं चिरून टाकतं, त्यापुढं या फुलाचा टिकाव तो काय लागणार? म्हणून जळगाव-धुळ्याकडची पोरं शाळेच्या पटांगणात सकाळी लवकर खेळून घेतात. वारं सुटलं की खेळ आटोपला. हा खेळ खरं तर चार भिंतींच्या आतला, आणि भिंती उभ्या करायला पैसा लागतो.

या खेळात भारताला पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते १९५६ साली, मलायात, क्वालालंपूरच्या सेलंगोर स्पर्धेत. मिळवणारे नंदू नाटेकर, जन्म सांगलीचा, १९३३ चा. प्रकाश पडुकोण तेव्हा जेमतेम वर्षाचे होते!

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. नाटेकर टेनिसही खेळत. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते पोचले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. तिथून त्यांनी बॅडमिंटनवर सगळं लक्ष दिलं. विसाव्या वर्षी ते राष्ट्रीय विजेते झाले आणि १९५४ मध्ये ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळले.

त्यांचा खेळ पाहिलेली माणसं ताकदीबद्दल फारसं बोलत नाहीत, मनगटाबद्दल बोलतात. फटका स्मॅशचा की ड्रॉपचा, हे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. मी गझल लिहितो, म्हणून मला याचं विशेष कौतुक. शेराच्या दुसऱ्या ओळीत काफिया येईपर्यंत ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि आल्यावर वाटलं पाहिजे, की दुसरं काही येऊच शकत नव्हतं. आम्हाला ते कधीमधी साधतं. नाटेकरांना थॉमस चषकाच्या सोळापैकी बारा एकेरी सामन्यांत साधलं.

एकेरीची सहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. पैसा? तो नव्हता. बॅडमिंटनमध्ये रोख बक्षिसं आली ती १९८० च्या सुमारास.

आपल्याकडं मुलगा जिल्हा स्पर्धेत हरला, की घरचे रॅकेट माळ्यावर टाकतात. ‘दहावीचं वर्ष आहे, बस झालं आता.’ मुलीची रॅकेट तर त्याआधीच जाते. दहावी महत्त्वाची, मान्य. पण एक हार झाल्यावर, ‘बेटा, दुसरं काही खेळून बघतोस का?’ असं विचारणारा बाप मला फारसा भेटलेला नाही.

नाटेकर २८ जुलै २०२१ रोजी पुण्यात गेले, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. त्यांचा मुलगा गौरव टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला. वडिलांनी बाजूला ठेवलेल्या त्याच खेळासाठी त्यालाही १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.