पुडा तिनं बांधला, तर चुकारा तिच्या खात्यात

(तेंदू हंगामाआधीच्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)



बायांनो, पोरींनो, अन् मागं भिंतीला टेकून बसलेल्या दादा लोकांनो,

आज पोरींचं बोलायचं आहे. दहावी-बारावी झालेल्या, लग्न न झालेल्या. मोर्चाला या पुढं असतात, घोषणा याच देतात. पण जमिनीचा पट्टा आला की यांचं नाव कुठंच नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 4(4) सांगतं, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. (किती पट्ट्यांवर बायकोचं नाव खरंच चढलं, ते घरी जाऊन कागद उघडून बघा.) लग्न न झालेली पोरगी मात्र त्यात बसत नाही. मग ती मिरची तोडायला तेलंगणात जाते. उचल बाप घेतो, फेडते पोरगी.

पण त्याच कायद्यात ग्रामसभा म्हणजे कोण, ते वाचा. गावातले सगळे प्रौढ. घरटी एक माणूस नव्हे! अठरा पूर्ण झालेली पोरगी बापाइतकीच ग्रामसभेची सभासद आहे. सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा, म्हणजे बांबू, तेंदू, मध, लाख यांत तिचाही हक्क आला. मेंढा-लेखाला तो हक्क 2009 साली मिळाला, 2011 पासून त्यांनी बांबू स्वतः विकला.

आता फळीवरचा हिशोब. अंधारात उठून जंगलात कोण जातं? आई अन् पोरगी. सत्तर-सत्तर पानांचा पुडा कोण बांधतं? पोरगी. कार्डावर नाव कुणाचं? बापाचं. चुकारा बापाच्या खात्यात, बोनस तिथंच. पोरीला फॉर्मची फी भरायची तर बापाकडं हात पसरायचा. कष्ट तिचे अन् मागणंही तिलाच!

मागच्या बैठकीत एक दादा बोलले, पोरगी उद्या सासरी जाईल, तिचं खातं कशाला? जाईल ना. खातं काय गावच्या खुंट्याला बांधलेलं असतं? ते तिच्यासंगं जाईल. तिथल्या ग्रामसभेतही ती प्रौढच राहील.

आणखी एक. फळीवर मुन्शी बाहेरचा कशाला? बारावी झालेली आपली पोरगी वही लिहू शकते. जी वही लिहिते, तिला दर, पुडे, कपात सगळं दिसतं. म्हणूनच कंत्राटदाराला तिथं आपली पोरगी नको असते.

तेव्हा फळी सुरू होण्याआधी ग्रामसभेत ठराव मांडा. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक तोडणारीचं वेगळं कार्ड, चुकारा अन् बोनस तिच्याच खात्यात, मुन्शीचं काम गावच्या पोरींना. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर माणसांत एक तृतीयांश बाया लागतात, हे 2012 च्या दुरुस्तीत आहे. बाया कमी असतील तर सभा पुढं ढकलायला लावा. ठराव वहीत लिहून सह्या-अंगठे तिथंच घ्या, एक प्रत संघटनेकडं पाठवा. अन् बँकेत खातं निघायला वेळ लागतो, फोटो-आधार याच आठवड्यात गोळा करा.