रूळ ही वाट नव्हे

(कामासाठी बाहेरगावी निघणाऱ्या कुटुंबांसमोरील भाषण, छत्रपती संभाजीनगर)



८ मे २०२० च्या पहाटे आपल्या करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याला कामाला असलेले, मध्य प्रदेशातले. त्यांतले अनेक गोंड आदिवासी. टाळेबंदीत पायी गावी निघाले होते, थकून रुळावरच झोपले.

दोन्ही राज्य सरकारांनी प्रत्येकी ५ लाख जाहीर केले. पण ती मदत होती, हक्क नव्हे. रेल्वे अपघातात मृत्यूची ८ लाखांची भरपाई प्रवाशाच्या वारसांना मिळते. रुळावरून चालणे हा तर गुन्हाच. म्हणून मी हात जोडून सांगते, रुळावरून चालू नका. तिकीट काढा आणि जपून ठेवा.

रस्त्यावर वाहन धडक देऊन पळाले, तरी गप्प बसू नका. पोलिसांत नोंद करा, तहसील कार्यालयात अर्ज द्या. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात.

वकिलाच्या फीला भिऊ नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. जातीचा दाखला जवळ ठेवा. फोन १५१००. हा आकडा आजच घराच्या भिंतीवर लिहा.