तापलेले इंजिन

होडी मांडवीच्या मुखाशी आहे, ओहोटी लागली आहे, समोर आग्वादचा वाळूचा पट्टा आहे. आणि इंजिनाच्या तापमापकाचा काटा चढतो आहे. अशा वेळी वेग उतरवावा आणि धुराच्या नळीतून पाणी पडते की नाही ते पाहावे. होडीच्या पोटातील बहुतेक इंजिने बाहेरचे पाणी ओढून थंड होतात. तेच पाणी धुराबरोबर बाहेर पडते.

धार क्षीण असेल, तर आधी नांगर टाकावा, मग इंजिन बंद करावे. तळाची झडप मिटून गाळणी उघडावी. शेवाळ वा प्लॅस्टिकची पिशवी तेथेच अडकते. नंतर पंपातील रबरी चक्र पाहावे. ते कोरडे फिरल्यास लवकरच फाटते. तुटलेली पाती सापडेपर्यंत काम संपले असे मानू नये. ती पुढच्या नळ्यांत अडकून बसतात.

धार भरपूर असूनही काटा चढत असेल, तर आतील गोडे पाणी, पट्टा व थर्मोस्टॅट तपासावेत. मात्र तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. उसळणारी वाफ भाजून काढते.

बंदर सोडताना रोज धार पाहणाऱ्या तांडेलालाच ती क्षीण झाल्याचे वेळेवर कळते.