तपोवनाच्या गावी जीनोम

 

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे थोडे गुणगान करावे, अशी रीत आहे. अंबादेवी, कौंडिण्यपूर, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, पंजाबराव देशमुख ही नावे घेतली की अमरावतीकराची मान आपोआप ताठ होते. माझीही होते. पण ही नावे तुम्हाला माहीत आहेत, आणि संमेलनाचा विषय जीनोम आहे. म्हणून मी या गावातल्या एकाच जागेविषयी बोलणार आहे. ती म्हणजे तपोवन. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी, म्हणजे आपल्या दाजीसाहेबांनी, तिथे जगदंबा कुष्ठनिवास उभारला. त्याआधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी काम सुरू केले होते, आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले. कुष्ठरोग्यांना गावाने बाहेर काढले आणि या माणसांनी त्यांच्यासाठी गावे वसवली. मी आयुष्यभर त्वचारोगांची डॉक्टर म्हणून काम केले. त्यामुळे जीनोम म्हटल्यावर प्रयोगशाळेतले चकचकीत यंत्र माझ्या डोळ्यांपुढे उशिरा येते; आधी येतो तो कुष्ठरोगाचा जंतू.

या जंतूने डॉक्टरांना जितके दमवले तितके क्वचितच कुणी दमवले असेल. हॅन्सन या डॉक्टरने तो १८७३ मध्ये नॉर्वेत पाहिला. माणसाला रोग देणारा म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक. पण आजतागायत तो प्रयोगशाळेच्या बशीत कुणाला वाढवता आलेला नाही. क्षयाचा जंतू सावकाश का होईना, वाढतो. हा मुळीच वाढत नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात तो वाढवण्याची युक्ती सापडली, पुढे अमेरिकेतला आर्माडिलो हा प्राणी कामी आला. एका जंतूचे दोन व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. एखादे औषध लागू पडत नाही असा संशय आला तर उंदराच्या पायावर चाचणी लावायची आणि महिनोन् महिने वाट पाहायची. तोवर रुग्णाने काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

हा जंतू असा का, याचा उलगडा २००१ च्या फेब्रुवारीत झाला. त्या महिन्यात ‘नेचर’ साप्ताहिकात मानवी जीनोमचा कच्चा मसुदा आला, आणि जगभर पहिल्या पानावर बातम्या झळकल्या. बरोबर पुढच्या आठवड्याच्या अंकात स्ट्युअर्ट कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठजंतूचा संपूर्ण जीनोम छापला. त्याची बातमी कुणी केल्याचे मला आठवत नाही. तो जंतू मूळ तमिळनाडूतल्या रुग्णाकडून मिळालेला होता, म्हणजे या संशोधनात भारताचा वाटा पहिल्या अक्षरापासून आहे.

त्या जीनोममध्ये डीएनएची सुमारे ३२.७ लाख अक्षरे आहेत. क्षयजंतूचा जीनोम याच गटाने १९९८ मध्ये वाचला होता. त्यात ४४ लाख अक्षरे आणि सुमारे ४,००० जनुके आहेत. कुष्ठजंतूत चालू स्थितीतली जनुके निघाली फक्त १,६०० च्या आसपास. उरलेल्या जागेत सुमारे १,१०० जनुके मेलेली. जनुकाचा सांगाडा दिसतो, पण मध्येच अक्षरे गळालेली, अर्थ लागत नाही, प्रथिन तयार होत नाही. माणसाच्या पेशीत आयते अन्न मिळत गेले आणि स्वतःचे अन्न तयार करण्याची जनुके एकामागून एक निकामी झाली. बशीत तो का वाढत नाही, हे शंभरहून अधिक वर्षांचे कोडे एका यादीने सोडवले. जीवशास्त्रात असा उलगडा रोज होत नसतो.

त्यातून व्यवहारात काय मिळाले, तेही सांगते. रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देत नसेल तर बिघाड बहुधा आरपीओबी नावाच्या जनुकात असतो, डॅप्सोनला देत नसेल तर एफओएलपी१ मध्ये. आता कातडीच्या छोट्याशा तुकड्यातून ही जनुके वाचता येतात. उंदराच्या पायावर महिने घालवण्याऐवजी काही दिवसांत कळते. ज्या जंतूला वाढवता येत नाही, त्याच्या बाबतीत सिक्वेन्सिंग, म्हणजे असे जनुकवाचन, ही चैन नव्हे. दुसरा रस्ताच नाही.

जंतूइतकेच रुग्णाच्या जीनोमनेही शिकवले. डॅप्सोन हे आमचे जुने, स्वस्त, भरवशाचे औषध. पण काही थोड्या रुग्णांना ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ताप येतो, अंगभर पुरळ उठते, यकृत बिघडते, आणि काही जण दगावतातही. कोणाला होईल हे आधी सांगता येत नसे. २०१३ मध्ये चीनच्या संशोधकांनी अशा रुग्णांचे जीनोम तपासून दाखवले की एचएलए-बी जनुकाचा १३:०१ हा प्रकार ज्यांच्याकडे असतो, त्यांना हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो. पुढे त्यांनी आधी ही तपासणी करून मगच डॅप्सोन दिले, तेव्हा तपासणीत हा प्रकार न आढळलेल्या रुग्णांत एकालाही ती जीवघेणी प्रतिक्रिया आली नाही. हा प्रकार भारतातल्या काही समाजांतही आढळतो. जगातल्या कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आपल्या देशात आहेत. मग ही तपासणी आपल्या जिल्हा रुग्णालयात केव्हा येणार, हा प्रश्न मी इथल्या धोरणकर्त्यांपुढे ठेवते आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहते.

कुष्ठरोगाविषयी आणखी एक गोष्ट सांगते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मध्ययुगात युरोपात कुष्ठरोग गावोगाव होता. सोळाव्या शतकाच्या सुमारास तो ओसरू लागला. का ओसरला? जंतू नरमला, असे पुष्कळांना वाटे. २०१३ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि ब्रिटनमधल्या मध्ययुगीन सांगाड्यांतून कुष्ठजंतूचे जीनोम वाचले गेले, तर ते आजच्या जंतूशी जवळजवळ तंतोतंत जुळले. जंतू होता तसाच राहिला. बदलली ती माणसे, त्यांचे राहणीमान, कदाचित त्यांची प्रतिकारशक्तीही. (जाता जाता: ब्रिटनमधल्या लाल खारींमध्ये तो जंतू अजून तग धरून आहे, असे २०१६ मध्ये दिसले. खारींना कुणी वाळीत टाकले नाही, हे त्यांचे नशीब.) इतकी बारीक तपासणी केली, हाडे खरवडली, लाखो अक्षरे जुळवली, आणि शेवटी बोट गेले घराकडे, ताटाकडे. दाजीसाहेबांनी सिक्वेन्सिंग हा शब्द ऐकला नसेल; घर आणि ताट यांचे महत्त्व त्यांना पक्के ठाऊक होते.

आता सिकलसेल. विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक, ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे रुग्ण, हे शब्द आठवी-नववीतल्या मुलींच्याही तोंडी आहेत. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एक अक्षर बदलते, हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हिमोग्लोबिनमधला हा बदल इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिला. म्हणजे दोष कुठे आहे हे कळून सुमारे सत्तर वर्षे झाली. तरीही एकाच घरातल्या दोन एसएस भावंडांपैकी एक वरचेवर दवाखान्यात का असते आणि दुसरे शेतात कामाला का जाऊ शकते, हे एका अक्षराने कधीच सांगितले नाही.

भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, त्यामुळे त्यांचा आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा सौम्य, असे पुस्तकांत लिहिलेले असे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी वर्षानुवर्षे मुले तपासली, त्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि दिसले असे की आपल्याकडे पुष्कळ मुलांना हा आजार चांगलाच जाच करतो. ही नोंद यंत्राने दिलेली नाही. ती बाह्यरुग्ण विभागातल्या केसपेपरांतून आली.

गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन कशामुळे टिकते, याचा धागा मात्र जीनोमने दिला. हजारो माणसांचे जीनोम ताडून पाहिले तेव्हा २००७-०८ च्या सुमारास बीसीएल११ए नावाचे जनुक पुढे आले. जन्मानंतर हे हिमोग्लोबिन बंद करण्याचे काम ते करते. ते जनुक रक्तपेशींत निष्प्रभ केले तर जुने हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते आणि पेशी वाकत नाहीत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने नेमक्या याच तत्त्वावरच्या जनुक-संपादन उपचाराला मंजुरी दिली. अमेरिकेत त्याची किंमत आहे २२ लाख डॉलर. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात बसून हा आकडा ऐकला की हसावे की रडावे, कळत नाही. आपल्याकडे हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे, ती स्वस्त आहे, देशात बनते, आणि तीसुद्धा सगळीकडे नियमित पोचत नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. पण मुलगी वाहक आहे एवढ्यावरून तिचे ठरलेले लग्न मोडत असेल, तर आपण तिला रिपोर्ट दिला, माहिती दिली नाही. वाहक आजारी नसतो. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे शांतपणे, घरच्यांना एकत्र बसवून, त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस लागतो. त्याचे पद कुठल्याच अंदाजपत्रकात मला अजून धड दिसलेले नाही.

करोनाविषयी थोडक्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागली, ते दिवस इथे कुणी विसरलेले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत एल४५२आर, ई४८४क्यू आणि पी६८१आर हे बदल एकत्र नोंदवले. हे घराणे बी.१.६१७, आणि त्याच्याच एका शाखेला ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. या घराण्याचे भारतातले सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० चे. केंद्र सरकारने ‘डबल म्युटंट’ म्हणून त्याची घोषणा केली २४ मार्च २०२१ ला. ३० हजार अक्षरांचा विषाणू वाचायला दोन-तीन दिवस पुरतात. बाकीचा वेळ कुठे गेला, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी आणि प्रशासनाने एकत्र बसून मांडला पाहिजे. एकमेकांकडे बोट दाखवून तो मांडता येणार नाही.

१९९० ते २००३ अशी तेरा वर्षे खपून मानवी जीनोम वाचला गेला. २००१ मध्ये एक जीनोम वाचायला सुमारे १० कोटी डॉलर लागत, आता हजार डॉलरच्या आत काम होते. स्वस्त झाले की बाजार येतोच. थुंकीची नळी पाठवा, मूल इंजिनिअर होईल की गायक ते सांगतो, अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांना भुलणाऱ्या पालकांना मी सांगते, सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते, पेराही असतो. पण यंदा कपाशीवर बोंडअळी येणार का, हे तलाठ्याला विचारून कळत नाही.

त्याउलट जिथे पैसा आणि कष्ट खरोखर लावायला हवेत, तिथे आपण उशिरा पोचलो. जगातल्या जीनोम-संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचीच गर्दी. एखाद्या कोरकू आदिवासी बाईच्या जनुकातला बदल आजार देणारा आहे की तिच्या समाजात सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल आहे, हे ठरवायला तुलनेला तिच्यासारखी माणसेच संग्रहात नसत. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा घेऊन रुग्ण घरी जाई. जीनोम-इंडिया प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतल्या सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. मला याचा अभिमान आहे. आपल्या देशातली जातपोटजातींतली लग्नाची पद्धत पाहता काही आजार विशिष्ट समाजांत साचलेले आहेत, आणि त्यांचा शोध या संग्रहातून लागू शकेल. दहा हजार हा आकडा मात्र १४० कोटींच्या देशासाठी सुरुवातीचाच आहे. आणि ज्यांनी रक्त दिले, त्यांना त्यातून काय निघाले हे परत जाऊन कोण सांगणार, ते प्रकल्प सुरू होतानाच ठरवायला हवे.

ज्यांच्याविषयी बोलतो त्यांना ते कळावे, एवढ्यासाठीच या संमेलनाची सगळी सत्रे मराठीत ठेवली आहेत. तुमच्या सरकचित्रांवर तांत्रिक संज्ञा असतील, असू द्या. बोलताना मात्र समोर कोण बसले आहे ते पाहा. जेवणाची सोय मागच्या मांडवात आहे, झुणका-भाकर आहे, संत्री भरपूर आहेत. व्यवस्थेत काही उणे राहिले तर स्वयंसेवक मुलांना बोलू नका, मला बोला. उद्या दुपारच्या सिकलसेल सत्राला धारणी आणि चिखलदऱ्याहून आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, येणार आहेत. एसटीने येतील, थोडा उशीर होईल. पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. तिथे बसलेल्या मान्यवरांनी कृपया मागे सरकावे. आणि वक्त्यांनी त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत, कारण त्यांना परतीची गाडी गाठायची असते.