पोराला शाळेत जागा मिळाली नाही, तर?



पोरासाठी खाजगी शाळेत अर्ज केला. नाव लागले नाही. मग वर दाद मागितली. हेलपाटे घातले, मजुरी बुडवली. शेवटी उत्तर आले, 'अर्ज नामंजूर.' आता काय करायचे?

पहिली गोष्ट. पोराला 'तुझ्या नशिबातच नाही' असे बोलू नका. त्याचा काही दोष नाही. सन २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी शाळांनी १०० पैकी २५ जागा गरीब व वंचित घरच्या मुलांना फुकट द्याव्यात, असे त्यात आहे. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या यातून वगळल्या आहेत. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून सोडत काढतात. सोडतीत नाव निघाले नाही, म्हणजे पोर नापास झाले का? नाही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला कायद्याने बंदीच आहे.

दुसरी गोष्ट. का नाकारले, ते लेखी मागा. आता तुम्हांला वाचता येते. तो कागद स्वतः वाचा. सोडतीत नाव नसेल, तर भांडून उपयोग नाही. पण घराचे अंतर चुकीचे मोजले असेल, किंवा खरा दाखला खोटा ठरवला असेल, तर तक्रार करा. अशा तक्रारीचा निकाल स्थानिक अधिकाऱ्याने तीन महिन्यांत द्यायचा असतो. तो पटला नाही, तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. निकालाची वाट पाहत पोराला घरी बसवू नका. मनासारखे बियाणे मिळाले नाही, म्हणून कोणी रान पडीक ठेवतो का? वाफसा आहे तोवर आपण पेरून घेतो. माझी सारी हयात शाळेत गेली. जूनमध्ये घरी राहिलेले पोर दिवाळीनंतर येते, तेव्हा ते मागे गप्प बसते. त्याला कळते, पण बोलायची भीती वाटते.

म्हणून जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचे नाव लगेच घाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला ती शाळा नाही म्हणू शकत नाही. जन्माचा दाखला नाही, किंवा उशीर झाला, ही सबब चालत नाही. पुढे अपील जिंकले, तर शाळेचा दाखला काढून तिकडे नेता येईल.

तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, आपल्या शाळेत शिकवणे नीट होत नाही.' तर मग शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन बसा. तिच्यात चारांत तीन सभासद पालकच असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. मास्तर वेळेवर येतात का, पोरे वाचतात का, हे तिथे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

उद्या सकाळीच पोराचे बोट धरून शाळेत जा. हजेरीपटावर त्याचे नाव चढलेले स्वतः वाचा आणि मगच शेतावर जा.