आधी गोंगाट ओळखा



हौशी रेडिओ मंडळात नवा संच घ्यायचा ठरला, की पहिला प्रश्न येतो, ‘लांबचे कोण पकडते?’ माझ्या मते प्रश्न तो नव्हे. लघुलहरींवरचा क्षीण आवाज पकडण्याइतकी ताकद आज साध्या संचातही असते. गिरणीच्या फाटकावरील सभेत वक्ता हळू बोलतो म्हणून ऐकू येत नाही, असे थोडेच आहे? शेजारी भोंगा चालू असतो, म्हणून ऐकू येत नाही!

हा गोंगाट तीन प्रकारचा. पहिला घरातला. दिवे, चार्जर यांची खरखर नेमकी आपल्याला हव्या त्याच लहरीवर येऊन बसते. महागडा संचही ती पुरती गाळू शकत नाही. तेथे खरखरणारा चार्जर काढावा, एरियलची तार घरापासून दूर न्यावी.

दुसरा शेजारच्या लहरीवरील केंद्राचा. त्याला अरुंद गाळणी हवी. बोलण्यासाठी सुमारे २४०० हर्ट्झ, मोर्ससाठी ५०० हर्ट्झ पुरते.

तिसरा गोंगाट जवळच्या जबर प्रक्षेपकाचा. त्याने संच दारातच दबतो. येथे मात्र संचासंचांत फरक पडतो. २०१६ साली आलेला आयकॉम आयसी-७३०० घ्या. हा अख्ख्या पट्ट्यातील लहरी एकदम आत घेऊन त्यांचे अंकांत रूपांतर करतो आणि बारीक गाळणी मागाहून लावतो. पट्ट्यात एखादा फार जबर आवाज असला, की अतिभाराची खूण पडद्यावर उमटते. २००७ सालच्या एलिक्राफ्ट के-३ मध्ये स्फटिकाची अरुंद गाळणी पुढेच बसवलेली असते. दांडगा शेजारी आत येण्यापूर्वीच अडतो.

म्हणून एकट्या घरी, शेजारी प्रक्षेपक नसेल, तर पहिल्या जातीचा संच उत्तम. पण डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातून हौशी मंडळींनीच निरोप पोहोचवले, हे विसरू नका. असा प्रसंग आला, तर मदतकेंद्रात दोनतीन संच शेजारीशेजारी चालतील. त्या जागेसाठी संच घ्यायचा, तर दुसऱ्या जातीचा घ्यावा आणि तारा एकमेकींपासून लांब बांधाव्यात. वर्गणीचा पैसा कष्टाचा असतो. तो जाहिरात वाचून नव्हे, आपला गोंगाट ऐकून खर्च करावा. त्या दिवशी पलीकडून येणारा आवाज कोणाच्या तरी जिवाचा असेल.